कच्च्या दोऱ्याची भिंत

सुर्रर्र.

कापड बेतायच्या लांब टेबलावर पसरलेला नव्या घराचा तिसरा नकाशा आपला आपण गुंडाळला गेला आणि घरंगळत कडेपर्यंत जाऊन थांबला. निमित्त एवढंच, की थोरल्याने त्याच्यावर वजनाला ठेवलेली कात्री उचलली होती. पण त्याआधीची शांतता इतकी दाट होती, की तेवढ्या आवाजानेही सगळे दचकले.

हसली फक्त चिमणी, धाकट्याची पोर. टेबलावरच मांडी ठोकून बसली होती ती. "झोपला!" ती ओरडली. "नकाशा पांघरूण घेऊन झोपला!"

"सुखी आहे," तिचे आजोबा, म्हणजे टेलर मास्तर, म्हणाले. "आमची झोप उडवली आणि स्वतः झोपला."

शांततेचं कारण थोरल्या सुनेचं एक वाक्य होतं. शाळेत गणित शिकवणारी बाई ती. बोलायची मोजकं, पण बोलली की पुसता येत नसे. तिसऱ्या नकाशावर बोट ठेवून ती म्हणाली होती, "मला हा आवडला. यात स्वयंपाकघरं दोन आहेत."

आता या घरात टेबल एकच. दिवसा त्याच्यावर पँटी, कोट, शाळेचे गणवेश बेतले जात. दिवेलागणीला खडूची भुकटी पुसली, चिंध्या झाडल्या, की त्याच टेबलावर ताटं मांडली जात. दुकान पुढे, मागे दोन खोल्या आणि वर माळा. मास्तरांची दोन्ही पोरं याच टेबलाखाली रांगली आणि त्यांची लग्नंही याच टेबलावर ठरली. बारा भानगडी मिटवून आता कुठे गावाच्या कडेला स्वतःची जागा हाताला लागली होती, आणि पहिल्याच शनिवारी टेबलाच्या मधोमध दोन चुली पेटायला निघाल्या होत्या.

धाकटी सून टेबलाच्या टोकाला गणवेशांची काजं करत बसली होती. जाऊबाईंचं वाक्य ऐकलं आणि सुई बोटात गेली. तिने बोट तोंडात घातलं, म्हणजे बोलायचाही प्रश्न उरला नाही.

"दोन कशाला?" मास्तरांनी विचारलं. आवाज साधाच होता, पण चष्मा कपाळावर गेला होता. मास्तरांचा चष्मा कपाळावर गेला की दुकानातल्या कारागिरांचे हातसुद्धा थांबत. "भांडलीस का कुणाशी?"

"भांडले असते तर आधीच बोलले असते, बाबा. भांडण नाही म्हणून तर शांतपणे सांगतेय." थोरली म्हणाली. "पेपर तपासून डोकं उठतं, तेव्हा एखाद्या संध्याकाळी मला स्वयंपाकच करायचा नसतो. खायचंही नसतं. पण सगळ्यांच्या स्वयंपाकघरात ते जमत नाही. चारदा कुणीतरी विचारणार, 'बरं नाही का? राग आला का?' माणसाला उपाशी झोपायचं असलं तरी स्वतःचं स्वयंपाकघर लागतं."

"ऐका!" धाकटा म्हणाला. तो विजेची कामं करायचा, आणि घरात कुठेही ठिणगी उडाली की विझवायची सोडून वारा घालायचा. "उपाशी झोपायला वेगळं स्वयंपाकघर! वहिनी, मग त्यात ओटा कशाला? गादीच टाकू."

"तू गप रे," थोरला म्हणाला. बायकोच्या बाजूने त्याला एवढंच बोलता येत असे.

"आणि तुमचं काय म्हणणं?" मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

सासूबाई दारात उभ्या राहून हात पुसत होत्या. "माझं काय विचारता? चहा कोणाकोणाला हवा ते सांगा," असं म्हणून त्या आत गेल्या. त्यांचं काय विचारायचं, हे सगळ्यांनाच पटलं. सासूबाई म्हणजे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघर म्हणजे सासूबाई. समुद्राला कोणी विचारतं का, की तुला पाण्यात राहायचंय का म्हणून?

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "मग बटणं टाकू."

या घरात वाद अंगावर आला की बटणं टाकायची पद्धत होती. दुकानाच्या पाटीचा रंग, धाकट्याने कॉलेज सोडावं की नाही, मांजर ठेवावं की शेजारी द्यावं, सगळं बटणांवर ठरलं होतं. सगळ्यांनी सारखीच बटणं घ्यायची, एकेकट्याने मागच्या खोलीत जायचं आणि डबीत टाकून यायचं. कोणी कुठे टाकलं ते विचारायचं नाही. बटणाला तोंड नसतं, असं मास्तर म्हणायचे.

धाकटीने आपल्या डब्यातून शर्टाची पांढरी बटणं मोजून दिली. तीन नकाशे, तीन रिकाम्या डब्या. पहिल्या नकाशात एकच मोठं, ऐसपैस स्वयंपाकघर. दुसऱ्यात एक कुटुंब खाली, एक वर, मध्ये जिना. तिसऱ्यात त्याच मोठ्या स्वयंपाकघराच्या मध्ये भिंत घालून एक मोठं आणि एक चिमुकलं, अशी दोन.

धाकटी मागच्या खोलीत गेली तेव्हा तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. पहिल्या डबीत बटण टाकून ती वळली, आणि दारातून दिसणाऱ्या, स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या बुटक्या स्टुलावर तिची नजर अडली.

तिची आई ती लहान असतानाच गेली. मग कधी मामाकडे, कधी मावशीकडे, कधी मावशीच्या जावेकडे. वाईट कोणीच वागलं नाही. फक्त तिचं अंथरूण रोज जिथे जागा होईल तिथे पडायचं, आणि पाहुणे आले की तिथूनही उचललं जायचं. लग्न होऊन या घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात अवघडून उभी होती. सासूबाईंनी माळ्यावरून हे स्टूल काढलं, फडक्याने पुसलं, खिडकीखाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ही तुझी जागा. इथे दुसरं कोणी बसलं तर मला सांग." पुढे धाकट्याने एकदा त्यावर पाय ठेवून बल्ब बदलला, तर त्याच्या पाठीत लाटणं बसलं होतं. त्या स्टुलावर बसून धाकटीने भाज्या निवडल्या, चिमणीला पाजलं, ती सासूबाईंशी तासन्‌तास बोलली आणि न बोलताही बसली. घर कोणतंही बांधा, तिला खिडकीखालची ती एवढीशी जागा हवी होती. आणि ती जागा सासूबाईंच्या स्वयंपाकघरातच असू शकत होती. मध्ये भिंत आली, की सासूबाई कुठल्या बाजूला आणि स्टूल कुठल्या, हे कोण सांगणार?

डब्या टेबलावर आल्या. मास्तरांनी पहिली उपडी केली. तीन बटणं.

दुसरीतून एकच निघालं, तेही लाल, बदकाच्या आकाराचं, फ्रॉकचं.

"हे कोणाचं?" मास्तरांनी विचारलं.

"सांगायचं नसतं, आजोबा," चिमणी म्हणाली. "पण मला जिना आवडतो."

तिसरी डबी उपडी झाली. तीन बटणं.

आता सगळे मनातल्या मनात बेरीज करत होते. थोरल्याचं एक, थोरलीचं एक. ते उघडच. मग तिसरं? मास्तर तर एका स्वयंपाकघराचे कट्टर. सासूबाईंचा प्रश्नच नव्हता.

"माझ्याकडे नका बघू," धाकट्याने दोन्ही हात वर केले. "मला आईच्या हातचं गरम खायला मिळत असेल तर मी बागेतसुद्धा झोपेन."

म्हणजे उरली एकच. माना वळतात त्या वळल्याच. थोरल्या जावेने तर टेबलाखालून तिचा हात दाबला. 'आहे हो मी तुझ्या पाठीशी,' असा. धाकटीला वाटलं, ओरडून सांगावं, की अहो, मी नाही! पण बटणाला तोंड नसतं, हा या घराचा कायदा. आणि स्वतःहून सांगितलं की खोटंच वाटतं.

"असू दे," मास्तर म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "नव्या पिढीला मोकळं वाटायला पाहिजे. चूक नाही त्यात."

आत भांड्यांचा आवाज चालू होता. सासूबाई इतका वेळ भांडी आवरत कधी बसत नसत.

तेवढ्यात फोन वाजला. इंजिनिअर बाई बोलत होत्या. बाई कसल्या, थोरलीची जुनी विद्यार्थिनीच. पण घराचा नकाशा काढते म्हटल्यावर मास्तरांनी तिला बाईपण देऊन टाकलं होतं. "मास्तर, तुम्ही पाठवलेली मापं नकाशात बसवतेय. काहीतरी घोळ आहे. सामान सगळं मांडलं तर घर जागेत मावत नाही. उद्या सकाळी जागेवरच या ना सगळे. फक्की टाकून, दोरी लावून बघू."

"म्हणजे ट्रायल?" मास्तरांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर! मी ट्रायल घेतल्याशिवाय साधी पँट शिवत नाही. घर कसं बांधायचं?"

धाकटा त्या दिवशी झोपायच्या आधी धाकटीला हळूच म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

"तुम्हालाही तसंच वाटतं?" तिने विचारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याशी भांडायला या घरात जागा नव्हती. भिंतीपलीकडे दीर घोरत होते.

सकाळी जागेवर सगळे हजर झाले. रिकामी, सपाट, गवताची जागा. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचं कुंपण आणि कुंपणापलीकडे टोमॅटोचे वाफे. मास्तरांनी गळ्यात टेप घातली होती, लग्नातल्या हारासारखी. इंजिनिअर बाई फाटकापाशी खुंट्या ठोकत होत्या. त्यांच्या बुटांना चिखल होता आणि कानामागे पेन्सिल.

"बाहेरच्या भिंती तिन्ही नकाशांत जवळपास सारख्याच आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या मापांनी सुरुवात करते. बघू कुठे जातंय."

पांढऱ्या फक्कीची रेघ सरकू लागली. आधी दुकान, मग बैठकीची खोली, थोरल्याची खोली, धाकट्याची, मास्तरांची, मागे स्वयंपाकघर. चिमणी रेघेवरून एकेक पाऊल टाकत मागून चालली होती. सगळ्यात शेवटी न्हाणीघर आलं. फक्कीची रेघ कुंपणापाशी आली आणि थांबली.

"का थांबलात?" मास्तरांनी विचारलं.

"कारण पुढचं न्हाणीघर यांच्या टोमॅटोत आहे."

कुंपणापलीकडून एक टोपी वर आली. निवृत्त पोस्टमन होते ते. "या की अंघोळीला," ते म्हणाले. "माझी हरकत नाही. पण टोमॅटोला साबण सोसत नाही हां."

थोरलीला हसू आवरेना. इंजिनिअर बाई मात्र कपाळाला आठ्या घालून मापांचा कागद बघत होत्या. "पलंग एवढा लांब कसा असेल? यावर कोण झोपतं, जिराफ? हे माप कोणी घेतलं?"

"मी," थोरला म्हणाला. "बरोबर घेतलंय. फक्त थोडी माया सोडली."

"माया?"

"शिवणीत आतल्या बाजूला जास्तीचं कापड राखतो ना आपण," मास्तरांनी समजावलं. "माणूस सुटला, पोर वाढलं, की उसवून सोडता येतं. पण तू कशाला सोडलीस रे? तू मला माप सांगितलंस, तेव्हा मी सोडली होती ना!"

"तुम्ही सोडलीत?" धाकटा म्हणाला. "अहो, मग कागदावर उतरवताना मीपण सोडली."

इंजिनिअर बाईंनी पेन्सिल कानामागून काढली. "आणि कपाट?"

"कपाट मी मोजलं," धाकटी हळू आवाजात म्हणाली. कालपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "मी... बोटभर."

"म्हणजे प्रत्येकाने प्रत्येक वस्तूला, आणि मग परत सगळ्यांनी मिळून!" इंजिनिअर बाई म्हणाल्या. "मास्तर, पोरं वाढतात. कपाट नाही हो वाढत!"

"आमच्याकडे वाढतं," सासूबाई म्हणाल्या. "उघडून बघा एकदा."

आणि मग सगळ्यांनाच हसू फुटलं. मास्तर सगळ्यात जास्त हसले. चष्मा काढून डोळे पुसायला लागले. पोस्टमन कुंपणाला रेलून हसत होते. हसता हसता धाकटीच्या लक्षात आलं, की कालची गाठ थोडी सैल झाली आहे. थोडीच, पण झाली आहे.

बाईंनी सगळी माया कापून टाकली. फक्की नव्याने पडली, आणि घर निमूटपणे आपल्या हद्दीत येऊन बसलं. न्हाणीघर कुंपणाच्या अलीकडे आलं, पोस्टमन जरासे हिरमुसले.

"आता राहून दाखवा," इंजिनिअर बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ट्रायल. तुम्हीच म्हणालात ना? नेहमी सकाळी कसं वागता, तसं वागा. कोण कुठे जातं, कोण कोणाला अडतं, ते मला बघायचंय."

आधी सगळे लाजले. मग चिमणीने कारभार हातात घेतला. भिंतीतून कोणाला जाऊ देईना. "काका, दारातून! तुम्ही भिंतीतून आलात! परत जा!" थोरला बिचारा आपल्या खोलीत मागे गेला, नसलेलं दार उघडलं आणि नसलेल्या उंबऱ्यावरून पाय उचलून बाहेर आला. धाकटा न्हाणीघराबाहेर खांद्यावर रुमाल टाकून उभा राहिला आणि "किती वेळ?" म्हणून ओरडू लागला. मास्तर दुकानात गेले, टेबल कुठे येईल तिथे दोन्ही हात पसरून उभे राहिले, आणि खूश झाले. टेबल मावत होतं. थोरलीने आपल्या खोलीत बसून हवेतले पेपर तपासले आणि एकाला नापास केलं.

मागे स्वयंपाकघराचा मोठा चौकोन होता. पहिला नकाशा आणि तिसरा यांच्यात फरक काय तो इथेच. इंजिनिअर बाईंनी तिसऱ्या नकाशातली मधली भिंत म्हणून एक पुसटशी रेघ टाकली होती. रेघेच्या एका बाजूला मोठं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला चिमुकलं. एक माणूस ऐसपैस, दोन माणसं दाटीवाटीने मावतील एवढं.

धाकटी मोठ्या चौकोनात शिरली. सवयीने तिने खिडकी शोधली. तिच्या अलीकडे स्टूल येईल, असं मनाशी म्हणतेय, तोवर तिला दिसलं, की सासूबाई तिच्या मागोमाग आल्याच नाहीत. त्या फक्कीच्या रेघेला वळसा घालून, चिमणीने दाखवलेल्या दारातून, त्या चिमुकल्या चौकोनात गेल्या. इंजिनिअर बाईंनी आणलेली रिकामी बादली त्यांनी उपडी केली, तिच्यावर बसल्या, आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ समोर बघत राहिल्या.

"आई, ते नाही, हे आपलं," धाकटा न्हाणीघरातून ओरडला.

"माहितेय," सासूबाई म्हणाल्या. "हे माझं."

मास्तर दुकानातून निघाले ते दार-भिंत न बघता सरळ तीन खोल्यांतून चालत आले. चिमणीने कपाळावर हात मारून घेतला.

"काय म्हणालीस?"

"तिसरं बटण माझं होतं." सासूबाईंनी मान वर केली नाही. "काल सगळे हिच्याकडे बघत होते आणि मी आत एकच पातेलं चारदा घासत होते. बोलायला पाहिजे होतं. पण मला माझीच लाज वाटली. या वयात वेगळी चूल मागते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"पण का?" मास्तरांच्या आवाजातली धार गेली होती. "तुला काय कमी केलं गं आम्ही?"

"कमी? जास्त केलंत!" सासूबाई हसल्या. "लग्न झाल्यापासून सगळ्यांसाठी रांधतेय. हौसेने रांधलं, तक्रार नाही. पण आजवर एकदाही मी माझ्या एकटीपुरतं काही केलं नाही. काय आवडतं विचाराल, तर तेही आठवत नाही आता. मीठ कमी करते ते तुमच्या रक्तदाबासाठी, तिखट वाढवते ते धाकट्यासाठी, मऊ ठेवते ते चिमणीसाठी. मला एक शेगडी द्या, एक खिडकी द्या. दुपारी मी तिथे जाईन, मला हवं ते करीन आणि एकटी बसून खाईन. आणि मीठ कुठे आहे म्हणून कोणी विचारायला यायचं नाही."

थोरली पुढे झाली आणि सासूबाईंच्या शेजारी गवतावर बसली. "आई," ती म्हणाली, "मी मागत होते ते हेच. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत."

"तुझं ठीक आहे. तुला उपाशी राहायचंय. मला जेवायचंय."

धाकटी रेघेच्या अलीकडे उभी होती. तिच्यावरचा आळ गेला होता. खरं तर मोकळं वाटायला हवं होतं. पण 'म्हणजे माझं स्टूल रिकाम्या स्वयंपाकघरात येणार,' एवढंच तिला दिसत होतं. आणि त्याच वेळी हेही दिसत होतं, की बादलीवर बसलेल्या या बाईचा चेहरा इतका निवांत तिने कधीच पाहिला नव्हता. हातात काही नसलेली सासू तिला आजच भेटत होती.

मास्तर खाली वाकले. गुडघे कुरकुरले. ते फक्कीच्या रेघेकडे बघत राहिले, मोठ्या गिऱ्हाइकाच्या कोटाकडे बघावं तसे.

"बाई," त्यांनी इंजिनिअर बाईंना विचारलं, "ही भिंत काढली तर छत पडेल?"

"नाही. हिच्यावर काहीच भार नाही. पहिल्या आणि तिसऱ्या नकाशात फरक या एकाच भिंतीचा."

"हिच्यात नळ? वायर?"

"नळ बाहेरच्या भिंतीतून नेते. वायरचं यांना विचारा."

"वायर मी वळसा घालून नेईन," धाकटा म्हणाला. आता तो वारा घालत नव्हता.

"मग झालं." मास्तर उठले. "पक्की शिवण घालायचीच नाही. कोट पहिल्यांदा अंगावर चढवतो तेव्हा कसा असतो? कच्च्या दोऱ्यावर. बसला तर पक्का करायचा, नाही बसला तर एक टोक ओढलं की सगळा दोरा हातात. कापडाला इजा नाही. ही भिंत तशी घाला. पातळ, बिनभाराची. आज हिला पाहिजे, आज आहे. उद्या नकोशी झाली, तर एका दुपारी उसवून टाकू."

"लाकडी पडदी करता येईल," इंजिनिअर बाई म्हणाल्या आणि कागदावर ती रेघ तुटक काढली. तुटक रेघ हुबेहूब टाक्यांसारखी दिसत होती. मास्तरांनी ती वाकून पाहिली आणि टाके जरा लांब पडलेत, असा शेरा मारला.

"बटणं परत टाकायची का?" थोरल्याने विचारलं.

"नको!" सगळे एकदम म्हणाले. फक्त चिमणी "हो" म्हणाली, कारण जिना अजून कुठेच आला नव्हता.

मग सगळे पांगले. थोरला-थोरली आपल्या खोलीत खिडकी कुठे, यावर हुज्जत घालू लागले. धाकटा पोस्टमनशी बोलायला कुंपणाशी गेला आणि खिसाभर टोमॅटो घेऊन आला. धाकटी तिथेच होती, रेघेच्या अलीकडे.

"इकडे ये," सासूबाई म्हणाल्या.

धाकटी दारातून गेली. चिमणी बघत होती.

"काल तुझ्यावर आलं. राग आला ना माझा?"

"नाही आला."

"थोडासा तरी येऊ दे. नाहीतर मला चैन पडायचं नाही."

धाकटीला हसू आलं आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम आवरताना तिची धांदल उडाली. "आई, राग नाही," ती म्हणाली. "फक्त... मी तिकडे एकटी काय करू? मला एकटीने स्वयंपाक येत नाही. म्हणजे येतो. पण येत नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग बादलीवरून उठल्या आणि हाताने ती भिंतीच्या रेघेपाशी सरकवली. "हे बघ. ते स्टूल तुझं. ते तू पडदीला लावून ठेव, तिकडच्या बाजूला. मी माझी खुर्ची इकडून लावते. पातळ पडदी आहे. तू तिकडे भाजी चिरलीस तर मला ऐकू येईल. मी इकडे काय खातेय ते तुला वासाने कळेल. पण बोलावल्याशिवाय यायचं नाही हां. आधी ठोठावायचं."

"आणि तुम्ही आत नाही घेतलंत तर?"

"तर समज, मला काहीतरी इतकं चांगलं जमलंय, की वाटून खायचं नाहीये."

धाकटी हसली. या वेळी फक्त हसली. तिने रेघेच्या पलीकडे जाऊन स्टूल येईल तिथे उकिडवं बसून पाहिलं. सासूबाई बादलीवर. मध्ये फक्कीची पुसट रेघ. वाऱ्याने तिचा थोडा भाग आताच उडून गेला होता. दोघींच्या पाठी एकमेकींना टेकल्या नव्हत्या, पण टेकल्या असत्या इतक्या जवळ होत्या.

चिमणी दोघींच्या मधोमध येऊन उभी राहिली. तिच्या बुटांनी रेघ आणखी पुसली. तिने एकदा आजीकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि मग खाली, त्या रेघेकडे. कपाळावर अगदी मास्तरांसारख्या आठ्या.

"आई," ती म्हणाली, "आजोबा म्हणाले ना, ही भिंत उसवता येते?"

"हो, राणी."

"मग आधी कोण उसवणार? आपण, की आजी?"